रविवार संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातून एका शिक्षिकेचं पत्र आलंय. गाव आणि नाव गाळून त्याचा सारांश देते.

ताई जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहेत. सेवा १४ वर्षं, पहिली ते चौथी, पट ३७. शाळेतले दुसरे सर बीएलओच्या (मतदारयादीच्या) आणि इतर कामांसाठी सारखे बाहेर, त्यामुळे चारही वर्ग बहुतेक दिवस ताईंकडेच. मुख्याध्यापकाचा प्रभारही त्यांच्याकडेच. निम्म्याहून जास्त लेकरांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मागच्या महिन्यात तिसरीतला एक मुलगा सलग तिसऱ्या दिवशी वर्गात झोपला आणि ताईंनी त्याच्या कानाखाली मारली. त्या लिहितात, ‘चौदा वर्षांत मी छडी हातात धरली नव्हती. तो रडला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला. तेव्हापासून झोप नाही. रविवार संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. लेकरांचा आवाजसुद्धा नको वाटतो. माझ्यातली शिक्षिका संपली. नोकरी सोडावी म्हणते, पण घर माझ्या पगारावर चालतं. मिस्टर शेती बघतात, यंदा सोयाबीन पाण्यात गेलं. मुलगी लातूरला नीटची तयारी करते, दुसरं वर्ष आहे. रात्री नऊला तिचा फोन येतो. मी टेस्टमध्ये किती पडले विचारते, ती सांगते, मग दोघी गप्प. सोडू का नोकरी? का मी आळसाला आजाराचं नाव द्यायलेय?’

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हा आळस नाही. आळशी माणसाच्या पोटात सोमवारच्या विचारानं गोळा येत नाही, तो सोमवारी घरी राहतो आणि निवांत असतो. तुम्ही तर त्या चापटीनंतरही एक दिवस शाळा चुकवलेली नाही.

नोकरी सोडावी का, या प्रश्नाकडं मात्र मी लगेच येणार नाही. तुम्ही जे कारण देताय ते मला पटलेलं नाही, आणि चुकीच्या कारणावर घेतलेला निर्णय बरोबर निघाला तरी नंतर मनाला खात राहतो.

आधी त्या मुलाबद्दल बोलू, तुमची झोप तिथंच अडकलीय. मारलं ते चुकलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत, पण कायदा नसता तरी ते चूकच होतं. मी यात पाणी घालणार नाही, तुम्हालाही ते नको असेल. आता तो मुलगा का झोपतो ते बघा. तुम्ही सगळं लिहिलंय, पण वेगवेगळ्या पानांवर. दुसऱ्या पानावर लिहिलंय की आईबाप कोयता घेऊन कर्नाटकात गेलेत, हा आजीजवळ आहे, सोबत धाकटी बहीण आहे आणि आजीला दिसायला कमी आहे. चौथ्या पानावर लिहिलंय की तो वर्गात झोपतो. ही दोन पानं शेजारी ठेवा. पहाटे पाणी कोण भरत असेल? शेळी कोण सोडत असेल, बहिणीची वेणी कोण घालत असेल? आठ वर्षांचं लेकरू घरातला कर्ता माणूस झालंय. दुपारी पोटात गरम खिचडी गेली की त्याचे डोळे मिटणारच.

आणि तुमचा तो दिवस? सकाळी साडेनऊला केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मोबाईल ग्रुपवर ‘आजच दुपारी दोनपर्यंत, अत्यंत तातडीचे’. आधार न जुळलेल्या नऊ लेकरांची यादी. स्वयंपाकाच्या मावशी आजारी, म्हणून तांदूळ मोजून देण्यापासून भांडी उचलण्यापर्यंत सगळं तुमच्यावर. चार इयत्ता एका खोलीत. दोन वाजले तेव्हा लिंक उघडत नव्हती, आणि समोर तो झोपलेला. एकाच खोलीत दोन दमलेली माणसं होती, एक लहान आणि एक मोठं. लहान झोपलं, मोठ्याचा हात उठला. हे मी तुमच्या सुटकेसाठी सांगत नाही. पुन्हा हात उठू नये असं वाटत असेल तर तो कुठून उठला ते माहीत पाहिजे.

उद्या परिपाठ झाला की सगळ्यांसमोर त्याला सांगा, ‘त्या दिवशी मी तुला मारलं, ते माझं चुकलं.’ मारलं सगळ्यांसमोर, म्हणून हेही सगळ्यांसमोरच. एवढंच बोला. ‘पण तूसुद्धा’ असं शेपूट लावू नका. बाईंचा मान जाईल ही भीती काढून टाका, मोठं माणूस चूक कबूल करतं हे त्या ३७ लेकरांनी कदाचित पहिल्यांदाच पाहिलेलं असेल. मग संध्याकाळी आजीकडं जाऊन या. तक्रार घेऊन जाऊ नका, चहा प्या, आजीच्या हातात काय काय आहे ते बघा. गावात ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठीचं हंगामी वसतिगृह मंजूर असेल तर दोन्ही भावंडांची नावं यादीत आहेत का ते तपासा. संध्याकाळचं ताट तिथं मिळालं तरी त्या घरातलं एक काम कमी होतं. वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी टाका, जेवणानंतर ज्याला झोप आवरत नाही त्यानं अर्धा तास तिथं पडावं. कुणी भेटीला आलं आणि विचारलं तर लेकराची परिस्थिती खरीखुरी सांगा. दुपारभर पेंगण्यापेक्षा अर्धा तास झोपून उठलेलं मूल जास्त शिकतं, हे आपण दोघीही जाणतो. आणि शनिवारी शाळा सुटताना तुमच्या फोनवरून त्याच्या आईबापाला व्हिडिओ कॉल लावून द्या. वडलांचा फोन लागत नसेल तर ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाचा नंबर गावात कुणाकडं तरी असतोच.

आता तुमच्याकडं येते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या आपल्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या दिली. तिथं त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागी सतत राहिलेल्या आणि आटोक्यात न आलेल्या ताणातून तयार होणारी अवस्था, असं म्हटलंय. म्हणजे मूळ कामात शोधायचं आहे, स्वभावात नाही. त्याच्या तीन खुणा दिल्यात. अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं ही पहिली. कामापासून मन तुटणं, त्याबद्दल कडवटपणा येणं ही दुसरी. आणि आपल्याच्यानं आता काही होत नाही, आपण निकामी झालो असं वाटणं ही तिसरी. तिसऱ्या खुणेपाशी थांबा. ‘माझ्यातली शिक्षिका संपली’ हे तुमचं वाक्य तिथलंच आहे. ताप आलेल्या माणसाला थंडी वाजते, म्हणून बाहेर थंडी आहे असं होत नाही. तुम्ही लक्षणालाच निकाल समजून बसलात आणि त्या निकालावर राजीनामा लिहायला निघालात.

मला तर पत्रात वेगळंच दिसलं. पत्र हातानं लिहिलंय, म्हणून कळलं. सगळीकडं अक्षर तिरपं, घाईचं, खोडाखोड. एकाच ठिकाणी ते सरळ आणि टपोरं झालंय. पहिलीतल्या एका पोरीनं भिंतीवरचा ‘बैलगाडी’ शब्द कुणी न सांगता वाचला आणि ‘बाई, मला आलं की!’ म्हणून ती वर्गभर नाचली, ते तुम्ही सांगितलंय तिथं. शिक्षिका संपलेल्या बाईला ही गोष्ट लिहावीशीच वाटली नसती.

मी स्वतः २२ वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं. एका वर्षी ७२ मुलींचा वर्ग, त्यात दोन विषय जास्तीचे, निकालाचे तक्ते, घरी सासूबाईंचं दुखणं. वेळ वाचावा म्हणून मी हजेरी नावानं घ्यायची सोडून नंबरानं घ्यायला लागले. दिवाळीनंतर एका मुलीला पुढं बोलवायचं होतं आणि मला तिचं नाव आठवेना. तिचा नंबर आठवला, ४१. मी तशीच फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. त्या वर्षी मला उपदेश करणारे खूप भेटले. उपयोग झाला तो शेजारच्या वर्गाच्या बाईंचा. त्यांनी महिनाभर माझे तक्ते स्वतःकडं घेतले आणि त्यांचे कवितेचे तास मला दिले. मला सुटी मिळाली नाही, काम तेवढंच राहिलं, फक्त त्यातला जो भाग मला माणसात आणत होता तो वाढला. तिसऱ्या आठवड्यात मी हजेरी परत नावानं घ्यायला लागले होते.

म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न हा की कंटाळा नेमका कशाचा आलाय? ‘लेकरांचा आवाज नको वाटतो’ हे खरं असेल, पण तो आवाज तुम्हाला कधी नको वाटतो? मोबाईलवर लिंक भरताना का गोष्ट सांगताना? अंदाजानं सांगू नका. एक जुनी वही घ्या आणि शाळेचे दहा दिवस नोंद करा. शिकवण्यात गेलेला वेळ एका बाजूला, कागद-माहिती-पोर्टल दुसऱ्या बाजूला, तांदूळ-किराणा-बांधकाम-बैठका तिसऱ्या बाजूला. प्रत्येकासमोर त्या वेळी जीव कसा होता त्याची एक खूण, बरा का वाईट. वही कुणाला दाखवायची नाही. दहाव्या दिवशी बेरीज करा. शिकवण्याच्या वेळेसमोरही सगळ्या वाईट खुणा असतील तर नोकरी बदलण्याचा विचार आपण खरंच गांभीर्यानं करू. पण माझा होरा वेगळा आहे. तुम्ही शिकवण्यानं दमलेल्या नाहीत, शिकवायला मिळत नाही म्हणून दमलात.

या बेरजेचा दुसराही उपयोग आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला अशैक्षणिक कामं फक्त तीन देता येतात: दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका. बीएलओचं काम निवडणुकीत मोडतं, म्हणून सरांचं ते काम ‘करणार नाही’ म्हणून सुटणार नाही, आणि पुढं २०२७ ची जनगणनाही आहे. पण याच कायद्यानं ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक सांगितलेत. तुमच्याकडं दोन आहेत ते कागदावर. तेव्हा गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या: अमुक महिन्यात अमुक दिवस शाळेत एकच शिक्षक होता, त्या दिवसांसाठी पर्यायी व्यवस्था मिळावी. तोंडी सांगू नका. जावक क्रमांक टाकून द्या आणि पोच घ्या. एका पत्रानं माणूस मिळेल असं खोटं आश्वासन मी देत नाही. पण उद्या गुणवत्तेवरून कुणी तुम्हाला जाब विचारला तर तुमच्याजवळ कागद असेल, आणि ‘मीच कमी पडले’ ही टोचणी थोडी बोथट होईल.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकट्या उठून बोलू नका. एकटी बाई बोलली की ‘मॅडमला काम नको’ असं होतं. तुमच्यासारख्या चौघी-पाच जणी, दोन-तीन सर, सगळ्यांच्या दहा दिवसांच्या बेरजा घेऊन केंद्रप्रमुखांसमोर बसा. मागण्या दोनच ठेवा. एकच माहिती तीनदा मागू नये, आणि तातडीची नसलेली माहिती आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी मागावी. केंद्रप्रमुखही वरून आलेला संदेश खाली ढकलत असतात, त्यांच्याही पोटात असाच गोळा असतो, हे ध्यानात ठेवून बोललात तर ऐकून घेतलं जाण्याची शक्यता जास्त. मोबाईलचं तर आजच करा. ग्रुपचा आवाज बंद. दिवसातून तीनदा बघायचं: शाळा भरण्याआधी, दुपारच्या सुटीत, शाळा सुटल्यावर. ‘निरंक’ लिहून पाठवायचा अहवाल शिकवण्याच्या मध्ये तोडून पाठवावा इतका मोठा नसतो. यू-डायसच्या, म्हणजे शाळेची वार्षिक माहिती पोर्टलवर भरायच्या, दिवसांत चार शाळांनी एका ठिकाणी बसून माहिती भरा. एखाद्या नव्या सरांचा हात त्यात भराभर चालतो, तुम्ही त्यांना पहिलीचं वाचन कसं घ्यायचं ते दाखवा. माझ्या शेजारच्या बाईंनी केलं तेच.

तुम्ही एका ओळीत टीईटीचाही, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचाही, उल्लेख केलाय. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती पात्रता मिळवायला सांगितलंय. चौदा वर्षं शिकवून पुन्हा परीक्षार्थी व्हायचं, याचा राग येणं साहजिक आहे. पण पेपर १५० गुणांचा, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गांना ५५, आणि चुकीला गुण कापत नाहीत. रोज अर्धा तास, तोही शेजारच्या शाळेतल्या कुणासोबत बसून, एवढ्यावर ही गोष्ट ठेवा. या परीक्षेपायी रात्रीची झोप घालवू नका.

आता मला ज्याची खरी काळजी आहे तिकडं येते. पत्राच्या कडेला, उभ्या ओळीत, तुम्ही लिहिलंय, ‘कधी वाटतं सकाळच होऊ नये.’ ताई, मी सरळ विचारते. हे नुसतं दमल्यामुळं आहे का जीव नको वाटतो? दिवाळीच्या सुटीत दोन आठवड्यांत तुम्हाला बरं वाटलं होतं का? सुटीत मन वर येत असेल तर ओझं मुख्यतः कामाचं आहे. सुटीतही झोप नाही, जेवण गोड लागत नाही, कारण नसताना रडू येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला औषध आहे. आधी जवळच्या डॉक्टरकडून रक्ताची तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन कमी असणं आणि थायरॉइड बिघडणं आपल्याकडच्या बायकांत फार, आणि दोन्हींत असाच थकवा येतो. मग अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तुम्हाला जवळ आहे, तिथं मानसोपचार विभागात दाखवा. जाणं जमेपर्यंत १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावा. तो सरकारी आहे, मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नको वाटण्याचा विचार मनात ठाण मांडून बसला असेल तर उद्यावर टाकू नका. आजच फोन करा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवून घ्या.

मिस्टरांना हे माहीत आहे का? पत्रात तसं दिसत नाही. ‘त्यांचंच सोयाबीन गेलंय, त्यांना कुठं सांगू’ असं तुम्हाला वाटलं असेल. मला उलट वाटतं. वाहून गेलेल्या रानाकडं बघत बसलेला माणूस आणि रात्रभर जागी असलेली बाई, एकाच घरात, एकमेकांपासून लपवत राहतात. त्यांना सांगा. आणि पाचला उठून तुम्ही जो दोन्ही वेळचा स्वयंपाक करून निघता, त्यातली एक वेळ त्यांच्याकडं द्या. रानात काम नसलेल्या दिवसांत तरी.

आणि मुलगी. तुम्ही लिहिलंय, ‘वरचे फक्त आकडा विचारतात. लेकरू कसंय, बाई कशीय, कुणी विचारत नाही.’ अगदी खरं आहे. पण ताई, मुलीच्या मागच्या टेस्टचे गुण तुम्ही पत्रात एकक स्थानापर्यंत लिहिलेत. ती जेवते का, झोपते किती, खोलीत सोबत कोण आहे, याबद्दल एक शब्द नाही. दिवसभर तुम्हाला जो प्रश्न टोचतो तोच रात्री नऊला तुम्ही तिला विचारता. हे वाचून तुम्हाला लागेल, तरी लिहिते, कारण या सगळ्यात तुमच्या एकटीच्या हातात असलेली आणि आज रात्रीच बदलता येणारी गोष्ट हीच आहे.

लातूरनं मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतल्या लेकरांना डॉक्टर-इंजिनियर केलं, याचा मलाही अभिमान आहे. तो मान खोटा नाही. पण हिशेबही बघा. २०२५ साली देशात २२ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे जीव तोडून अभ्यास केलेल्या लाखो मुलांना जागा मिळणारच नव्हती, त्यांचं काही चुकलं असो वा नसो. दुसऱ्यांदा बसणाऱ्या मुलीला हे गणित पाठ असतं. ती तुमच्याशी गप्प राहते ती तुमच्या पगारातून जाणारी फी, मेस आणि खोलीभाडं मोजत. तिच्या खांद्यावर ७२० गुणांचा पेपर आहे, शिवाय वाहून गेलेलं सोयाबीनही आहे.

आज फोन आला की ‘जेवायला काय होतं?’ विचारा. नुसतं वरवर नको, भाजी कुठली होती ते विचारा. तुमच्याकडचं सांगा, ‘बैलगाडी’वाल्या पोरीचं सांगा. आठवडाभर टेस्टचं नाव काढू नका. पहिले दोन दिवस तिला संशय येईल, ‘आई, काय झालंय?’ म्हणेल. मग एका रविवारी भाकरी, शेंगाची चटणी, दशम्या घेऊन लातूरला जा. वह्या तपासू नका, तिच्यासोबत नुसत्या चालून या. आणि परीक्षेआधी, निकालानंतर नव्हे, एक बोलणं करून ठेवा: लागलं तर आनंदच, नाही लागलं तर पुढं काय? बीएएमएस, नर्सिंग, बी.फार्म., कृषी, बी.एस्सी., जे तिला पटेल त्याची यादी तिच्याच हातानं लिहून घ्या. हे तिच्या समोर लिहिलेलं असलं की मे महिन्याचा पेपर हा पेपर राहतो, आयुष्याचा शेवटचा दरवाजा होत नाही.

क्लासलाही विचारा. सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ च्या निकालात मार्गदर्शक सूचना दिल्यात. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा, आणि क्लासनं गुणांवरून मुलांच्या वेगळ्या बॅच पाडू नयेत, त्यांना चारचौघांत कमी लेखू नये. ‘तुमचे समुपदेशक कोण, कुठं आणि कधी भेटतात?’ एवढं विचारणं हा पालकाचा हक्क आहे. दहा पालकांनी विचारलं तर खुर्ची मांडली जाते.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही दोन शब्द. खाजगी विनाअनुदानित किंवा इंग्रजी शाळांत तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या शिक्षकांचा थकवा या ताईंपेक्षा वेगळा आहे. तिथं मूळ दुखणं पैशाचं आणि उद्या काढून टाकतील या भीतीचं आहे, आणि त्यावर श्वासाचे व्यायाम सांगणं मला पटत नाही. तुम्ही दुसरी नोकरी शोधताय याची लाज बाळगू नका. लेकरांना सोडून जाणं हा द्रोह नाही. मुख्याध्यापकांना विनंती, की महिन्यातून एक तास शिक्षकांना एकत्र बसवा आणि त्यात कुठलाही कागद काढू नका. पालकांनी, वर्गात झोपणाऱ्या आपल्या मुलाला ओरडण्याआधी ते रात्री कधी झोपलं आणि हातात फोन किती वेळ होता ते बघावं. काही घरांत शेळी आहे, काही घरांत मोबाईल.

तर, नोकरी. मे अखेरपर्यंत राजीनामा लिहू नका. त्याआधी सेवापुस्तकात रजेचा हिशेब बघा. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस जमा होते. चौदा वर्षांत तुम्ही ती फारशी वापरलेली दिसत नाही. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात एवढंच. डॉक्टरांनी सांगितलं तर दोन-तीन आठवडे घ्या, आणि ‘माझ्यामागं लेकरांचं कसं होईल’ म्हणून ती नाकारू नका. त्या दिवसांची व्यवस्था करणं हे कार्यालयाचं काम आहे. सुटीनंतरही, कागदाचा भार थोडा हलका झाल्यावरही, शिकवताना काहीच वाटलं नाही तर मला पुन्हा लिहा. मग कुठली वाट घ्यायची ते बघू: बदली मागायची, केंद्रप्रमुखाच्या परीक्षेला बसायचं का खरंच सोडायचं. तेव्हा तो निर्णय झोप झालेल्या बाईनं घेतलेला असेल.

त्या मुलाचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं होतं, मी इथं छापलं नाही. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की पाडव्याच्या आसपास त्याचे आईबाप गावात येतील. त्यांनाही एकदा भेटा, आणि तो आता दुपारी सतरंजीवर झोपतो का, ते मला कळवा.